रॅमच्या खाचेतली अक्षत

सरळ सांगून टाकते. सुनेनं जोडलेला नवाकोरा कॉम्प्युटर मी बंद पाडला, आणि वर दोन दिवस तिलाच फैलावर घेतलं. पाच वर्षं झाली. तेव्हा मी त्रेसष्टची होते, म्हणजे तशी अल्लडच. तेव्हाची ती बाई आज मला भेटली तर तिच्या हातातलं पूजेचं ताट हिसकावून घेईन आणि अशी झाडीन, की पुन्हा कुंकवाच्या करंड्याला हात लावणार नाही.

माझी सून घरांचे नकाशे काढते. लग्नानंतर ते काम सुटलं होतं. मग पुण्याच्या एका ऑफिसानं तिला इथं मोताळ्यात घरी बसून काम द्यायचं कबूल केलं. अट एकच: सोमवारी सकाळी दहाच्या आत स्वतःच्या कॉम्प्युटरवर पहिला नकाशा काढून पाठवायचा. नाही जमलं तर काम दुसऱ्या कोणाला. तिनं बुलढाण्याच्या एका दुकानातून सुटे भाग आणले आणि म्हणाली, मीच जोडते. दुकानदार हसला. नाशिकला नोकरी करणारा माझा लेक फोनवर हसला. मी तर तिच्या तोंडासमोर बसून हसले.

शुक्रवारी सकाळी तिनं कॉम्प्युटरची पेटी आडवी ठेवली, आत मदरबोर्ड स्क्रूनं पक्का केला आणि दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात धावली. मी टपूनच होते. आमच्या घरात यंत्र आलं की त्याला हळदकुंकू लागतंच. विहिरीवरची मोटर, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, सोयाबीन काढायचं थ्रेशर, सगळ्यांवर मी अक्षता टाकल्या आहेत आणि एकानंही कधी तक्रार केली नाही. मग याचंच काय मोठं? पत्र्याला कुंकवाचं बोट लावलं आणि उघड्या पेटीत चिमूटभर अक्षता सोडल्या. लग्नात टाकतो तशा, वरून. नंतर वाटलं, ही ओरडेल. म्हणून दिसले तेवढे दाणे भराभर वेचले, ओच्यात टाकले आणि साळसूदासारखी शेंगा सोलत बसले.

तिनं परत येऊन रॅमची पट्टी मदरबोर्डवरच्या खाचेत दाबली. एका बाजूची खिट्टी टक् वाजली, दुसरी वाजेना. ओठ आवळून दाबली तेव्हा बसल्यासारखी झाली. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले, पडदा मात्र काळा तो काळाच.

दिवसभर ती त्याच्याशी झटत राहिली. वायरी काढल्या, लावल्या. पडदा खराब असेल म्हणून टीव्हीला जोडून पाहिलं. रॅम काढून पुसली आणि पुन्हा त्याच खाचेत घातली, कारण सोबतच्या पुस्तकात तीच खाच सांगितली होती. आणि मी? मी तोंड चालवत होते.

"तुले जमत नाही तर काऊन हात घातला? तो दुकानवाला जोडून देत व्हता ना!"

"आई, पुस्तकात हाय तसंच केलं मी सगळं."

"मंग काय पुस्तक खोटं बोलून राह्यलं?"

लेक फोनवर म्हणाला, "तिला सांग, हे बायकांचं काम नाही." मी ते वाक्य होतं तसं पोचवलं असतं तरी चाललं असतं. मी त्याला वरून तिखटमीठ लावलं. आज त्या वाक्याची आठवण झाली की बोलणाऱ्यापेक्षा पोचवणारीचाच मला जास्त संताप येतो.

शनिवारी तिनं पेटी चादरीत बांधली आणि बुलढाण्याच्या एसटीत बसली. मीही चढले. सोबत म्हणून नव्हे, फजिती बघायला. राजूर घाटाच्या प्रत्येक वळणाला ती पेटीला कवटाळून धरायची, आणि मी खिडकीबाहेर बघायचे.

दुकानदारानं पेटी उघडलीसुद्धा नाही. तिच्या डोक्यावरून मागे पाहत म्हणाला, "घरी कोणी माणूस नाही का? बाईनं हात लावला की असंच होते."

माझं टाळकंच सरकलं.

"काऊन बे, हे तुह्यासमोर उभी हाय ते काय हाय? माह्या सुनेनं एक एक स्क्रू बरोबर लावला! मी दोन दिवसांपासून डोळ्यानं पाहून राह्यली! तुहाच माल खराब हाय. खोल पेटी!"

रस्त्यावरचे लोक दारात जमले. त्यानं चिडून पेटी खोलली, रॅम शेजारच्या खाचेत घातली, आणि पडदा लखकन उजळला.

"पाहा. ती खाच तुमीच बिघडवली."

"बिघडलेलीच देल्ली तू!"

त्यानं मोबाईलची बत्ती लावली, बारीक चिमटा आत घातला आणि काहीतरी उचलून काउंटरच्या काचेवर ठेवलं. कुंकवानं लाल झालेला अर्धा तांदूळ.

"मावशी, हा आमच्या मालासंगं येत नाही."

दारातले लोक खदखदून हसले. मी छताकडे पाहू लागले. सून हसली नाही. तिनं त्याच्या हातातून रॅम घेतली आणि पहिल्याच खाचेत बसवली. दोन्ही खिट्ट्या वाजल्या. पडदा पुन्हा उजळला.

सोमवारी नकाशा वेळेत गेला. ते काम आजही चालू आहे. त्या दुकानदारावर मात्र माझा राग तसाच आहे. तांदूळ माझा होता, मान्य. पण 'कोणी माणूस नाही का' हे तो तांदूळ सापडायच्या आधी बोलला होता. त्याबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही.

त्या शनिवारी परतताना एसटीनं घाट उतरला. मग मीच विचारलं, "रागावली का तांदळासाठी?"

ती पेटीवरचा हात न काढता म्हणाली, "तांदळाचा राग नाही, आई. माह्या सुनेनं एक एक स्क्रू बरोबर लावला, हे तुमी तिथं लोकांसमोर म्हणाल्या. घरी दोन दिवस काऊन नाही म्हणाल्या? आता तुमच्या लेकाले फोन लावून देते, त्याहिले सांगा. आन् तांदळाचंही तुमीच सांगा."