चौदाव्या मिनिटापर्यंत कोणी जागं नसतं

माझ्या आत्याच्या ऑफिसातले किस्से मी मुद्दाम गोळा केले नाहीत. धुतलेल्या चादरींच्या घड्या एकावर एक ठेवता ठेवता कपाट कधी भरतं ते कळत नाही, तसे ते साठत गेले. आता तिसरी वही चालू आहे. मैत्रिणींना तोंडी सांगायला गेले की मी मधेच अडखळते, आणि हसण्याची जागा यायच्या आधी मलाच हसू येतं. म्हणून लिहूनच सांगते.

नववीची परीक्षा संपली होती. आई-बाबा दोघंही नोकरीला, म्हणून मेच्या सुट्टीत मी सानपाड्याहून आत्याबरोबर सीबीडी बेलापूरला जायचे. आत्याचं ऑफिस म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्या, निळे पडदे आणि लांबवर दिसणारी खाडी. माणसं तीन. आत्या, चित्रं-बटणं बनवणारा निखिलदादा आणि आवाज रेकॉर्ड करणारे पेडणेकरकाका. काम एकच, लोकांना झोपवायचं!

म्हणजे तसं अ‍ॅप होतं त्यांचं. उघडायचं, समुद्राचा नाहीतर पावसाचा आवाज लावायचा आणि डोळे मिटायचे. देशोदेशीचे लोक ते वापरायचे, पण पाचातले दोनच तारे द्यायचे. ज्यांची ही कंपनी, ते सर हॅम्बर्गला राहतात. मूळचे आपल्याकडचेच म्हणे, पण मीटिंगमध्ये इंग्रजीशिवाय एक शब्द नाही. त्यांनी सांगून टाकलं होतं, "मेअखेरपर्यंत सगळ्या देशांना चालेल असं नव्याने बनवा. तारे वाढले नाहीत तर बंद करू."

आत्याने बेंगळुरूची मोठी नोकरी सोडून चार वर्षांत हे उभं केलं होतं. सरांचं ऐकून तिने फक्त पडदे स्वतः धुऊन आणले.

*

पहिल्याच दिवशी दुपारी टेस्टिंग होतं. पडदे ओढले. खोली पाण्याखाली गेल्यासारखी निळी झाली. नवा आवाज लावला, देवराईतल्या झऱ्याचा. कोणाला कितव्या मिनिटाला काय वाटतं ते प्रत्येकाने कागदावर लिहायचं ठरलं.

तासाभराने आत्या दचकून उठली. तीन कागद, तिन्ही कोरे!

"काय रे हे? कोणीच काही लिहिलं नाही?"

निखिलदादा डोळे चोळत म्हणाला, "मॅडम, आवाज चांगलाय. एवढंच आठवतंय."

मी कोपऱ्यातून वही पुढे केली. पेडणेकरकाका, पाचवं मिनिट. निखिलदादा, सातवं. आत्या, नववं, तोंड उघडं.

"शेवटचे दोन शब्द खोड," आत्या म्हणाली. पण तेव्हापासून टेस्टिंगची वही माझ्याकडे आली.

*

जुन्या अ‍ॅपमध्ये मेंढ्या होत्या. एकेक मेंढी कुंपणावरून उडी मारायची, आपण मोजायच्या. आपल्याकडे मेंढ्या मोजून कोण झोपतं? पण निखिलदादाला वाटलं, बाहेरच्यांना आवडेल.

ऑस्ट्रेलियाहून एका माणसाचा निरोप आला. "माझा मेंढ्यांचाच धंदा आहे. दिवसभर मोजतो. काल तुमच्या मोजल्या. एक कमी भरली. मग कसली झोप!"

*

सूर्य मावळला की अ‍ॅपवर आपोआप निळी रात्र पसरायची आणि मग 'चला, झोपू' असं बटण यायचं. मला ते फार आवडायचं. दिवसा स्क्रीन कितीही दाबा, बटण येणारच नाही.

नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला राहणाऱ्या एका बाईंशी व्हिडिओ कॉल झाला. त्यांच्या मागच्या खिडकीत लख्ख ऊन. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं अ‍ॅप दहा दिवस सूर्य मावळायची वाट बघतंय. त्याला सांगा, इथे जुलैशिवाय जमणार नाही."

कॉल संपल्यावर निखिलदादा हळूच म्हणाला, "जुलैपर्यंत आपण तरी असू का?"



*

अ‍ॅपच्या तोंडावर निखिलदादाने घुबड काढलं होतं. गोल चष्मा, डोक्यावर झोपेची टोपी. "बाहेर घुबड म्हणजे हुशार पक्षी," तो सांगायचा.

चहा घेऊन येणाऱ्या बेबीमावशी खाडीकाठच्या गावातल्या. ट्रे हातात धरूनच त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"ह्यो कोन?"

"घुबड आहे मावशी. झोपवतं लोकांना."

"रातभर जागा ऱ्हातो त्यो. त्यो काय कोनाला झोपवनार हाय?"

निखिलदादाचा चहा गार झाला. संध्याकाळपर्यंत घुबडाच्या जागी खाडीतला फ्लेमिंगो आला होता, एका पायावर उभा आणि मान पंखात खुपसून गाढ झोपलेला.

*

अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून निखिलदादाने त्यांच्यासाठी अख्खा स्क्रीन आरशातल्यासारखा उलटवला. फक्त आवाज कमी-जास्त करायची पट्टी उलटवायची राहिली. लोक कमी करायला ओढायचे आणि आवाज वाढायचा.

मस्कतहून एका गृहस्थांनी अगदी अदबीने कळवलं, "आपला समुद्र उत्तम आहे. काल तो ऐकून सासूबाईंनी घरातलं सामान वरच्या मजल्यावर हलवलं!"

*

माझ्या वहीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. चाळिसाव्या मिनिटाला आवाज थांबायचा आणि स्क्रीनवर प्रश्न यायचा, 'झोप कशी लागली? तारे द्या.' दर वेळी तो वाचणारी मी एकटीच. बाकीचे तिघं गाढ!

मला काहीतरी समजल्यासारखं वाटत होतं, पण मोठ्यांना कसं सांगायचं? तीन दिवस मी मनात वाक्य जुळवत होते. चौथ्या दिवशी चिठ्ठी लिहिली आणि आत्याच्या कपाखाली ठेवली.

'आत्या, ज्यांना झोप लागते ते हा प्रश्न बघतच नाहीत. ज्यांना लागत नाही तेच बघतात आणि तेच तारे देतात.'

आत्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग खुर्चीत बसलीच.

"अगं मनू! चार वर्षं आम्ही फक्त जागे राहिलेल्यांना विचारतोय!"

"म्हणजे," निखिलदादा म्हणाला, "आपल्याला पाच तारे देणारे सगळे तिकडे घोरतायत!"

त्याच दिवशी त्याने प्रश्न सकाळवर ढकलला. उठून फोन हातात घेतला की मगच विचारायचं. तारे वाढू लागले, पण अगदी हळू, आणि सरांच्या मीटिंगला उरले होते चारच दिवस.

*

तेवढ्यात थंड देशांत गेलेल्या आपल्याकडच्या पोरांचे निरोप येऊ लागले. एका मुलीने लिहिलं होतं, "इथे सगळं आहे, पण डोक्यावर पंखा नाही. त्या आवाजाशिवाय झोपच येत नाही. पंखा टाका ना!"

ऑफिसचा पंखा नवा. "ह्याला आवाजच नाही, काय रेकॉर्ड करू?" पेडणेकरकाका वैतागले. आमच्या सानपाड्याच्या घरातला, हॉलमधला पंखा मात्र माझ्यापेक्षा मोठा आहे. घरघर करतो आणि मधूनच खट् म्हणतो. मी म्हटलं, मी आणते.

रविवारी दुपारी फोन उशाशी ठेवून मी पंख्याखाली डोळे मिटून पडले. खिडकीतून ऊन येत होतं, खाली कोणीतरी गाडी धूत होतं. चौदाव्या मिनिटाला आई पाऊल न वाजवता आली. माझ्या अंगावर चादर ओढली आणि अगदी हळू विचारलं, "झोप लागली का, बाळा?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण रेकॉर्डिंग चालू होतं. मी डोळे मिटूनच ठेवले. ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

सोमवारी मी काकांना सांगितलं, "चौदाव्या मिनिटाला आई बोलते, तेवढं कापाल का?"

"ऐकतो आणि कापतो," काका म्हणाले. ते तीनदा ऐकायला बसले. तिन्ही वेळा आठव्या मिनिटाला मान खाली! चौथ्यांदा आठवण करून द्यायला मला लाज वाटली.

*

मीटिंगच्या दिवशी आमच्याकडे दुपारचे तीन वाजले होते, हॅम्बर्गला सकाळचे साडेअकरा. सर स्क्रीनवर आले. पांढरे केस, कडक कॉलर, डोळ्यांखाली काळं. आत्याने ताऱ्यांचा तक्ता उघडायला घेतला, तर ते इंग्रजीत म्हणाले, "तक्ते नकोत. नवं काय केलंत ते ऐकवा."

आत्याने माझ्याकडे बघितलं आणि पंख्याचा आवाज लावला. निखिलदादाने पडदे ओढले.

घरघर, घरघर, खट्. आमचा हॉल बेलापुरात आला आणि तिथून हॅम्बर्गला गेला. सर हाताची घडी घालून ऐकत होते. चौथ्या मिनिटाला घडी सुटली. सहाव्या मिनिटाला त्यांनी चष्मा काढून ठेवला. सातव्या मिनिटाला पेडणेकरकाका गेले. मग निखिलदादा. दहाव्या मिनिटाला, एवढी महत्त्वाची मीटिंग असून, आत्यासुद्धा! किती दिवसांची जागी होती ती, कोणास ठाऊक.

मी सवयीने वहीत लिहीत होते. अकरा. बारा. स्क्रीनवर सरांचे डोळे मिटलेले, श्वास लांब. आणि मग मला आठवलं. आई! ती अजून आतच आहे!

तेरावं मिनिट. मी उठले. पाय न वाजवता टेबलापाशी गेले. आवाज एकदम बंद केला तर सगळेच जागे होणार, आणि नाही केला तर सरांच्या मीटिंगमध्ये माझी आई बोलणार. आत्याचं चार वर्षांचं काम, आणि माझं बोट त्या बटणाच्या वर.

मला ठरवता येईना. तोवर चादरीची सळसळ ऐकू आली.

"झोप लागली का, बाळा?"

पंखा फिरत होता. खट्.

हॅम्बर्गहून, डोळे न उघडता, सर म्हणाले,

"हो गं."