गुळाच्या ढेपेतलं दान

देणग्या मागायची नोकरी सोपी असते असं म्हणणारा माणूस भेटला असता, तर मी त्याला माझ्यासोबत महिनाभर जुन्नर-घोडेगावच्या एस.टी.त बसवलं असतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पुण्यातल्या एका धर्मादाय इस्पितळाला कर्करोग झालेल्या बायकांसाठी वेगळा कक्ष बांधायचा होता. पुरुषांच्या कक्षाशेजारी पडदा लावून बायकांची सोय केली होती, आणि पडद्याआड निजायला खेड्यातली बाई काही केल्या तयार होत नसे. ती घरीच राहायची आणि घरीच मरायची. म्हणून मोठे देणगीदार शोधायला चार माणसं नेमली. मी मूळचा जुन्नरचा आणि तोंडाचा फटकळ. त्यामुळे जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके माझ्या गळ्यात पडले. लहानसहान वर्गणी नको, दारावर नावाची पाटी लागेल असा दाता आणा, असा मोठ्या डॉक्टरांचा हुकूम होता.

आता गंमत बघा, पाटीच कुणाला नको होती. देवळाच्या पायरीवर नाव कोरायचं असेल तर सख्खे भाऊ हमरीतुमरीवर यायचे. शाळेच्या खोलीला द्यायचे, तालमीला द्यायचे. पण या दुखण्याचं नाव काढलं की बागाईतदार पानाचा डबा पुढं सरकवायचा आणि कांद्याच्या भावावर बोलायला लागायचा. त्या दवाखान्यावर नाव लागलं म्हणजे लोक म्हणणार, यांच्या घरात आहे वाटतं ते. मग पोरी कुठं द्यायच्या? एकानं तर तोंडावर सांगितलं, "राव, बाळंतपणाच्या दवाखान्याला मागा, आत्ता देतो. ह्येच्यासाठी नगं." दुसऱ्या एका घरी मी उठून गेल्यावर म्हातारीनं माझ्या बसल्या जागी पाणी शिंपडलं. छत्री विसरलो म्हणून माघारी आलो, तेव्हा दिसलं. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! पण मागणाऱ्याला बोलायची चोरी. छत्री घेतली आणि मुकाट निघालो.

तरीही मला ती नोकरी आवडायची, खोटं कशाला बोलू? महिन्यातले वीस दिवस साहेबाचं तोंड बघावं लागत नसे. गावोगाव पिठलं-भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, हिवाळ्यात हुरडा. माझी काम करायची रीत ठरलेली होती. पहिल्या भेटीत मागायचं नाही. जेवल्याशिवाय विषय काढायचा नाही. आणि तिन्हीसांजेला तर तोंडसुद्धा उघडायचं नाही, कारण दिवा लागल्यावर घरची लक्ष्मी कुणी बाहेर देत नाही. हे पुण्याच्या ऑफिसात कुणाला कळत नसे. तिथून पत्रं यायची, काम सावकाश चाललंय म्हणून. मी ती वाचून खिशात घालायचो आणि दुसरी भाकरी मागून घ्यायचो.

जुन्नरच्या पेठेत एक मुसलमान व्यापारी होते. कांदा-बटाटा पुण्याला पाठवायचे, स्वतःची लॉरी होती. त्यांनी स्वतःच्या नावानं देणगी दिली, आणि वर मलाच चिमटा काढला, "आमच्या घरी पोरीच नाहीत, चार पोरगेच आहेत. मग भ्यायचं कुणाला?" मी उठायला लागलो तसा त्यांनी मला हात धरून खाली बसवलं आणि हळूच सांगितलं, "पिंपळवंडीला अमक्या घरी जाऊन या. घरची बाई त्याच दुखण्यानं गेली. माझ्याच लॉरीतून नेली होती पुण्याला. गावात सांगितलंय कावीळ. पण माझं नाव घेऊ नका."

तर मी पिंपळवंडीला गेलो. घर मोठं. उसाचं रान, स्वतःचं गुऱ्हाळ. घरधनी पन्नाशीचे, बोलायला मऊ. एकच मुलगी, तिला घरात सगळे ताई म्हणायचे. ती जेवायला वाढत होती. पहिल्या भेटीला मी फक्त जेवलो. दुसऱ्या भेटीला फक्त गुऱ्हाळ बघितलं, गरम काकवी खाल्ली आणि जीभ पोळून घेतली. तिसऱ्या भेटीला जेवण झाल्यावर विषय काढला. बायकांचा कक्ष, पडदा, पडद्याआड न येणाऱ्या बाया, सगळं सांगितलं. घरधन्यांनी सुपारी कातरायची थांबवली. म्हणाले, "पावणं, माझ्या ताईची सुपारी फुटलीय. पारगावचं घर हाय, चांगलं हाय. मला ह्या भानगडीत वडू नका." मी म्हटलं, नावाशिवाय द्या. ते म्हणाले, "नावाशिवाय दिलं तरी भित्ताडाला कान असत्यात."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. बापाकडं नुसती बघत होती, आणि ते काही तिच्याकडं बघेनात.

आठ-दहा दिवसांनी घरधन्यांचा निरोप आला, पुण्याला जाताना गाडी पिंपळवंडीच्या फाट्यावर थांबवा. थांबवली. बाप-लेक दोघं उभी होती. त्यांनी पोत्यात बांधलेली गुळाची एक ढेप वर चढवली. "पेशंट लोकांना आमच्याकडनं," घरधनी म्हणाले. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. तीन खेपा घातल्या आणि हातात काय आलं, तर गूळ! मुलगी खिडकीशी येऊन म्हणाली, "भाऊ, वाटंत कुणाला देऊ नका. सैपाकघरातच फोडा." मी म्हटलं, बरं बाई.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आचाऱ्यानं ढेपेवर बत्ता घातला. दुसऱ्या घावाला ती दुभंगली आणि आतून गुळानं माखलेली फडक्याची पुरचुंडी निघाली. गाठ सोडली, तर पाटल्या, ठुशी, पुतळ्यांची माळ. आचारी दोन पावलं मागं सरकला. मला मात्र लगेच उमगलं. आमच्याकडं गुप्तदान असंच करतात. लाडवात नाणं घालतात, कोहळ्यात मोहोर घालतात, आणि घेणाऱ्याला सांगतात, नुसता लाडू आहे हो. देणाऱ्यानं कबूल करायचं नसतं आणि घेणाऱ्यानं विचारायचं नसतं. इथं उसाचं घर, म्हणून गुळात घातलं होतं, इतकंच. तो कढत गूळ ओतताना त्यात पुरचुंडी ठेवली असणार.

मोठ्या डॉक्टरांना हे पटेना. ते बाहेरच्या प्रांतातले. म्हणाले, चुकून पडलं असेल. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, गाठ मारलेली पुरचुंडी चुकून पडत नाही." तर म्हणाले, बायकांचा दागिना असा बेवारशी घेता येणार नाही, घेऊन जा, आणि मालकानं तोंडानं सांगितलं तरच परत आणा. आता ज्या दानात तोंड उघडायचंच नसतं, त्याच्यासाठी मालकाचं तोंड कसं उघडायचं? पण हुकूम तो हुकूम. सोनं पिशवीत घालून, पिशवी पोटाशी धरून मी परत पिंपळवंडीला निघालो. कंडक्टर तिकीट द्यायला आला तरी मी दचकायचो.

पोचलो तर ओसरीवर बैठक भरलेली. पारगावची माणसं लग्नाची तिथी धरायला आली होती. नवऱ्या मुलाची आई आणि दोन भाऊबंद. मुलाचा बाप कधीच वारला होता, घरची कर्ती ही बाईच. उंच, करारी, डोईवरचा पदर ढळू न देणारी, आणि बोलायची मात्र गड्यासारखी. मला बघून घरधन्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला "पुण्याचं पावणं" म्हणून कोपऱ्यात बसवलं आणि मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

तिथी ठरली. मग मुलाच्या आईनं विचारलं, "ताईच्या आईचे डागिने तेवढे एकदा बघू द्या. सुपारीच्या टायमाला तुमी दावले व्हते. सून घरात येताना आईची ठुशी गळ्यात आसंल, तर आमाला बी बरं वाटंल." यात तिचं काही वावगं नव्हतं. घरधनी मात्र अडकित्ता शोधायला लागले. भाऊबंदांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण म्हणाला, "इकलं काय?" खरं सांगावं तर दवाखाना येतो, दवाखान्यामागून दुखणं येतं, आणि सोयरीक मोडते. गप्प बसावं तर हा भला माणूस पोरीचं सोनं विकून बसलेला ठरतो. मी पिशवीचा बंद आणखी एकदा आवळला.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. चहाची थाळी खाली ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

"इकलं न्हाई. म्या दवाखान्याला दिलं. आबांना बी मीच भाग पाडलं. आईला कावीळ न्हवती झाली, क्यान्सर झाला व्हता. छातीत गाठ व्हती, वरीसभर तिनं कुणाला दावली न्हाई. मला बी न्हाई. आबा म्हनले, हे भाईर कळलं तर तुझं लगीन मोडंल. म्हनून गुळात घालून दिलं. आता कळलंच हाय, तर मोडा."

घरधन्यांनी उपरण्यात तोंड घातलं. मी पुरचुंडी काढून घोंगडीवर ठेवली. त्या पोरीकडं बघून माझा ऊर भरून आला होता, आणि त्याच वेळी तिला दोन शब्द सुनवावेसेही वाटत होते, की अगं, एवढं सगळं एका दमात बोलायचं असतं का!

मुलाच्या आईनं पुरचुंडी सोडून ठुशी बघितली आणि परत बांधली. मग उठली आणि मुलीला म्हणाली, "आत चल." दोघी माजघरात गेल्या. बाहेर आम्ही पुरुष चहा थंड करत बसलो. एक भाऊबंद पायताण शोधायला लागला. दुसऱ्यानं गड्याला हाक मारून बैल जुंपायला सांगितलं. म्हटलं, झालं, आपल्या कक्षापायी एका पोरीचं वाटोळं झालं.

मग माजघराच्या दारातून आवाज आला, "पुण्याचं पावणं, जरा हिकडं या."

ते सोनं घरधन्यांच्या तोंडच्या शब्दानं इस्पितळाला मिळालं, बायकांचा कक्ष उभा राहिला, त्याच्या दारावर ताईच्या आईच्या नावाची पाटी लागली, आणि पारगावच्या त्या बाई पुढं बरीच वर्षं ठणठणीत जगल्या, हे आधीच सांगून टाकतो. उगाच तुमचा जीव टांगणीला नको.

मी दाराशी गेलो. बाई पदर सारखा करत उभी होती. मघाचा गड्यासारखा आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"तुमच्या दवाखान्यात बाई डाक्टर हाय?"

"हाय की."

"गाठ दुखत न्हाई माझी. तरी दावायची का?"

मी म्हटलं, "बाई, दुखत नाही म्हणूनच दाखवायची. सोमवारी चला. मी स्वतः नेतो. मुलाला बरोबर घ्या."

"लेकराला न्हाई सांगायची मी असलं," ती म्हणाली, आणि मागं उभ्या असलेल्या ताईचा हात तिनं घट्ट धरला. "माझी सून येईल संगं."