मोडेल त्यानं सांभाळायचं

आमच्या मॅडम उंदराची पाठ स्वतःच्या हाताने मोडत. भूल दिलेल्या उंदराचा मणका उघडायचा आणि वरून पोलादी दांडा नेमका मज्जारज्जूवर सोडायचा. टक्, एवढाच आवाज. मागचे पाय एकदा ताठ होत आणि मग सैल पडत. पाठ मोडलेल्या माणसांना पेशींच्या रोपणाने उभे करता येईल का, हे आम्ही शोधत होतो, आणि त्यासाठी आधी कुणाची तरी पाठ मोडावीच लागे. ते काम त्यांनी कधी विद्यार्थ्यांवर ढकलले नाही. आम्ही त्यांना माघारी ‘हातोडा’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होते.

मी परतूरची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. कोलकात्याच्या या प्रयोगशाळेत संशोधनाला आले तेव्हा बंगाली येत नव्हते आणि इंग्रजीत तोंड उघडायची भीती वाटे. मॅडम तिथल्याच, तीन पिढ्या तिथे राहिलेल्या मराठी घरातल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मराठीत विचारले, “जेवलीस का? आणि रक्त बघून पडतेस का? पडणार असशील तर जेवून पड.”

त्यांचा एक नियम होता : मोडेल त्यानं सांभाळायचं. पाठ मोडलेल्या उंदराला लघवी करता येत नाही. सकाळ-संध्याकाळ पोट हलके दाबून त्याची पिशवी रिकामी करावी लागते. दुर्गापूजेत सगळे शहर रस्त्यावर असे, तेव्हाही मॅडम आधी उंदरांकडे येत. एका पूजेत त्या तापाने पडल्या आणि काम एका विद्यार्थ्यावर सोपवले. तो मंडप बघत फिरला. उंदीर फुगून मेला. मॅडमनी तो थंडगार उंदीर त्याच्या तळहातावर ठेवला. “पेशींनी नाही मेला. तू मारलास.”

याच विद्यार्थ्याने पुढे आमच्या एका उंदराची चित्रफीत मोबाइलवरून पसरवली. रोपणानंतर तो मागचे पाय ओढत चार पावले टाकत होता. ती हावड्याच्या एका ओतकाम करणाऱ्या कामगारापर्यंत पोचली. त्याच्या मुलाला मारामारीत चालत्या गाडीतून ढकलून दिले होते, आणि कमरेखाली त्याचे शरीर मेले होते.

तो माणूस कारखान्यातून थेट आला. हातात सळई होती. “चूहा चल रहा है, मेरा बेटा क्यों नहीं?” असे ओरडत त्याने पेशी वाढवायच्या कपाटाची काच फोडली. पेशींच्या बशा फुटल्या, त्यांतला गुलाबी द्रव फरशीवर पसरला. मॅडम मध्ये गेल्या आणि पुढची सळई त्यांच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. दोन रखवालदारांनी त्याला खाली पाडले आणि लाठ्या घातल्या. त्याच्या तोंडातून रक्त येऊ लागले.

“थामो!” मॅडम रखवालदारांवर किंचाळल्या. मग लोंबणारा हात छातीशी धरून त्या त्याच्याजवळ काचांतच बसल्या. “मार लेना बाद में. पहले बताओ, लड़के का पेशाब कौन निकालता है?”

त्याने तोंडावरचे रक्त पुसले. म्हणाला, निकालना क्या, अपने आप बहता रहता है. दिनभर बिस्तर गीला. इसलिए पानी ही कम कर दिया. दो दिन से बुखार है.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला, हातामुळे नव्हे. “वो पेशाब नहीं कर रहा. थैली भरके छलक रही है. मर जाएगा.” मग माझ्याकडे वळून मराठीत, “गाडी बोलाव. माझ्यासाठी नाही गं, त्या पोरासाठी!”

मुलगा त्याच दिवशी इस्पितळात गेला, मॅडम त्यानंतर. उंदरासारखे माणसाचे पोट दाबायचे नसते. नळी कशी घालायची ते तिथल्या परिचारिकेने बापाला शिकवले. पोलिसांना मॅडमनी सांगितले, “मी पडले.” मुलगा वाचला. तो चालत नाही. बराकपूरला मामाच्या दुकानात बसून मोबाइल दुरुस्त करतो.

मॅडमच्या उजव्या हातात पकड परत आली नाही. दांडा त्यांनी माझ्या हाती दिला. पहिल्या वेळी माझा हात थरथरला, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, “थरथरू दे. ज्या दिवशी थरथरणार नाही, त्या दिवशी हे काम सोड.”

दर विश्वकर्मापूजेला कारखाना बंद असतो. तेव्हा तो माणूस बुंदीचा पुडा घेऊन येई आणि दारातच विचारी, “हुआ?” मॅडम सुट्टीतही डाव्या हाताने उंदरांची लघवी काढत असत; तिथूनच म्हणत, “नहीं.” खोटी आशा त्यांनी त्याला एकदाही दिली नाही.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. यंदा तो आला तेव्हा मी एकटीच होते. त्याने नव्या काचेकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“हुआ?”

“नहीं.”

त्याने पुडा या हातातून त्या हातात घेतला. “आज छुट्टी है. चूहों का पेशाब किसने निकाला?”

“मैंने.”

“ठीक है,” तो म्हणाला, आणि पुडा माझ्या हातात दिला.