उरलेली अँटिबॉडी

भाताच्या पानातलं एक प्रथिन हुडकणारी अँटिबॉडी आमच्या प्रयोगशाळेत आहे. ती बनवणाऱ्या पेशी एका उंदराच्या. उंदीर केव्हाच मारला. पेशी मरू नयेत म्हणून त्यांना कॅन्सरच्या पेशींशी जोडलं. तेव्हापासून त्या नुसत्या वाढताहेत.

केमोनंतर मेधाताई आज पहिल्यांदा कामावर आल्या, डोक्याला रुमाल बांधून. वापरलेली अँटिबॉडी आम्ही फेकत नाही, पुन्हा उपयोगी पडते. पानातली प्रथिनं उतरवलेल्या पांढऱ्या पटलावरून त्यांनी ती थेंबही न सांडता नळीत परत ओतली. थोड्या वेळानं पटलावर हव्या त्या प्रथिनाची काळी रेघ उमटली.

"आली बघा!" मी म्हणाले.

मेधाताई नळीकडेच बघत होत्या. "कॅन्सरनं त्या पेशींना मात्र जगवलं गं."

त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि नळी माझ्या हातात दिली.

"पुढच्या वेळी तू कर."