एकत्र पिंजलेला कापूस

तारीख – गेल्या डिसेंबरातला पहिला रविवार, दुपार. ठिकाण – कारंजा लाड, गादीवाल्याच्या दुकानासमोरचं अंगण. हजर – मी, धनजहून आलेली माझी धाकटी जाऊ सुमन आणि कापूस पिंजणारे रहीमचाचा.

आधीच सांगते, असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. मी सरकारी कार्यालयात खिडकीवर बसून दाखले देते. कागद असेल तर आहे, नसेल तर नाही. पण त्या वर्षी माझी झोपच उडाली होती... डोळा लागला की एकच स्वप्न, आणि जाग. दिवसा लोकांवर खेकसायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं नुसतं "मॅडम, जेवल्या का?" विचारलं, तर खिडकीतच रडू फुटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी झोप सुधारा, नाहीतर मन आणखी खचेल." मी लगेच कामाला लागले – संध्याकाळचा चहा बंद, अंथरुणात मोबाइल बंद, गादी पिंजून घेणे.

सुमननंही तिची गादी आणली होती. मी म्हटलं, "चाचा, दोन्ही एकदमच मशीनमध्ये घाला. वेळ वाचेल."

"नाही बाई. दोन घरच्या गाद्या एकत्र नाही पिंजत."

"काहून?" सुमन हसली. "भांडतात का कापसं?"

"आमचे अब्बा नव्हते पिंजत. कायले, ते मले बी मालूम नाही."

मी ऐकलं नाही. एकच ढीग झाला. उन्हात तंतू तरंगत होते, सगळं अंगण धुक्यात बुडाल्यासारखं... त्याच ढिगातून दोन्ही गाद्या भरल्या.

आणि मी झोपले. स्वप्नात कमळांचं तळं, पायांना गार चिखल, काठावरून एका बाईची हाक – "चिमने, ये आता बाहीर..." रोज तेच तळं. रोज सकाळी मन धुतल्यासारखं हलकं. खिडकीवरचे लोकही म्हणायला लागले, मॅडम हसतात!

संक्रांतीला सुमन आली. डोळ्यांखाली काळं. डोकं टेकताच घोरणारी बाई ही!

"झोपच नाही ताई. सपनात एक खिडकी दिसते, लोकाइची रांग. मी शिक्का मारून राह्यली, पण उमटतच नाही. भिंतीवर शेपूट तुटलेली पाल..."

माझ्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. ते माझं स्वप्न होतं. मी ते नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

मग मी तिला तळ्याबद्दल सांगितलं.

"माह्या मायेरचं तळं हाय ते, मानोऱ्याकडचं. चिमनी मले फक्त माय म्हने. माय गेली, तरी सपनात रोज हाक मारे." मग हळूच, "अजून मारते का व, ताई?"

"मारते."

डॉक्टरीणबाई योगायोग म्हणतात. रहीमचाचा मान हलवतात. सुमननं कधी काही मागितलं नाही. गाद्यांची अदलाबदल करून पाहायची, एवढं साधं काम आहे. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय. दर रविवारी गादी गुंडाळून दाराशी ठेवते... आणि संध्याकाळी पुन्हा अंथरते.