तुळसाक्काच्या रंगाचं मलम

मलमं घोटणाऱ्याच्या अंगाला वास चिकटतो आणि डोक्यात किस्से साठतात. वास माझ्या रिटायरमेंटनंतर गेला. किस्से अजून आहेत, आणि त्यातले निम्मे तुळसाक्काचे.

साठ सालच्या आगेमागे मी बेंगळुरूच्या एका इस्पितळात कातडीच्या विभागात कंपाउंडर होतो. तुळसाक्का देवनहळ्ळीकडची, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातली. जन्मतःच तिच्या कातडीला रंग नव्हता. केस, पापण्या, सगळं पांढरं. काम मात्र नाचणीच्या शेतात, उन्हात. गालावरची न भरणारी जखम घेऊन आली, ती कॅन्सर निघाली. डॉक्टरांनी कापून काढली आणि बजावलं, "ऊन टाळ. पुन्हा झाली तर एवढ्यावर भागायचं नाही."

ती म्हणाली, "रागी सावलीत पिकत नाही, डॉक्टर."

*

आता सनस्क्रीन म्हणतात, तसलं आमच्याकडे काही नव्हतं. मी झिंकचं घट्ट पांढरं मलम करून दिलं. महिन्याने आली ती तोंड भाजूनच.

"लावलं नाहीस?"

"रोज लावते की, अण्णा. झोपताना."

डबी पाहिली. आमच्याकडे सगळ्या मलमांना एकच छापील चिठ्ठी असे: रात्री झोपताना लावणे. मीच ती सवयीने डकवली होती. फार लाज वाटली.

*

डॉक्टरांनी तिला स्वतःची छत्री दिली. पुढच्या खेपेला विचारलं, "वापरतेस ना?"

"रोज. बांधावर रोवते, खाली जेवणाचा डबा ठेवते."

"आणि तू?"

"खुरपायला दोन हात लागतात. मी आंबत नाही, डबा आंबतो."

*

चिकपेटच्या एका साडीवाल्याची बायको तेच पांढरं मलम मागायला आली, गोरं व्हायला. तुळसाक्का बाकावरून म्हणाली, "माझा गोरेपणा घ्या की, बाई. तुमचा रंग मला द्या."

बाई मलम न घेताच गेल्या.

*

चिठ्ठी सुधारली, तरी डबी भरलेलीच परत आली. मी चिडलो. ती खाली बघत म्हणाली, "आधीच पोरं बिळी बिळी म्हणून मागं लागतात. हे पांढरं फासून गेले की सगळा गाव बघतो."

बिळी म्हणजे कानडीत पांढरी. माझा राग तिथेच गेला. मलमात गेरू मिसळून बघूया म्हटलं, तर पुढच्या खेपेला ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. बहिणीचा सावळा हात माझ्या खलाशेजारी ठेवून म्हणाली, "ह्या रंगाचं कर."

चार घाणे फुकट गेले. पाचवा बहिणीच्या मनगटावर लावला, तर दिसेनासा झाला.

*

त्यानंतरची तारीख तिने चुकवली. डॉक्टर रोज विचारत. नवी जखम झाली असेल, ही धास्ती.

एका सकाळी दोघी बहिणी आल्या. डोक्यावरून पदर, चेहरे एका रंगाचे. डॉक्टर बाहेर आले, बाकावरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, "तुळसाक्का आजही आली नाही?"

मी तोंड उघडणार, तोच तिने माझी बाही धरली.

"स्वल्प थांब, अण्णा. इतक्यात सांगू नको."