मागच्या बाजूची जागा

माझ्या सासूबाई केराबाई. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलं आणि पुढचं आमच्याबरोबर भाड्याच्या खोल्या बदलण्यात. सोलापुरात आम्ही जिथे जिथे राहिलो, तिथे त्या भिंतीला पाठ न टेकता बसायच्या. "दुसऱ्याची भित हाय, मळंल," म्हणायच्या. घरमालकिणीने सांगण्याआधीच स्वतःला सांगून ठेवलेलं.

म्हणून कुंभारीला प्लॉट घेऊन घर बांधायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी त्याच उठल्या. यजमान, सिद्धनाथ, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. कर्ज मिळणार होतं, पण जागेचे पैसे स्वतःचेच घालायचे होते.

"माजी मेंढरं इका," आत्या म्हणाल्या. "उजव्या कानाची सोडून. ती पोरीची हायत."

आमच्यात बाईला माहेराहून मेंढी मिळते. तिची पिल्लं, त्यांची पिल्लं, सगळी त्या बाईचीच. नवऱ्यालाही विकायची झाली तर तिला विचारावं लागतं. कुठे लिहिलेलं नसतं, कानाला पाडलेली खाच हीच खूण. आत्यांच्या मेंढ्यांची खाच डाव्या कानाला. माझ्या मुलीच्या, ऋतुजाच्या बारशाला त्यांनी एक कोकरू तिच्या नावाने सोडलं आणि त्याचा उजवा कान कातरला. ऋतुजा आता दहावीला आहे. तिच्या त्या मेंढीचा वंश कुंभारीजवळच, आत्यांचा पुतण्या निंगप्पा याच्या कळपात वाढत होता. चार मेंढ्या होत्या. तिने त्यांना नावंही ठेवली होती.

"आये, चार मेंढ्यांत पोरीचं काय होणारे?" यजमान हसले.

"काय होऊंदे न होऊंदे. तिचं म्हून कायतरी असावं. घराच्या मागं त्यांच्यापुरती जागा सोड. वर पत्रा टाकला तरी बास."

"सोडतो की."

आत्यांची मेंढरं गेली आणि जागा आली. त्या दिवशी आत्यांनी प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात दगड मांडून मेंढ्यांची जागा आखली. बांधकाम चालू झाल्यावर रोज डबा घेऊन जायच्या आणि मजुरांनी हलवलेले दगड परत लावायच्या. गवंडी चिडवायचे, "आज्जी, तुमचा बंगला कदी उठणार?" त्या म्हणायच्या, "तुमचा झाला की. माज्या बंगल्याला दार लागत न्हाय."

स्लॅब टाकून झाल्यावर ठेकेदार गुरुराज यजमानांना म्हणाला, "साहेब, मागं एक खोली आरामात निघते. एमआयडीसीतली पोरं भाड्यानं घेतील. मेंढरांना कशाला सिमेंटच्या भावाची जागा?"

यजमानांना ते पटलं. मी म्हटलं, "शब्द दिलाय तुम्ही त्यांना."

"तू शिकलेली आहेस ना? हप्ता कोण भरणार, मेंढ्या?"

"जागा त्यांच्या मेंढरांवर आलीय."

"मग मी कुणासाठी बांधतोय?" हे त्यांचं नेहमीचं. यापुढे बोलणं जात नाही. दोन दिवसांत आत्यांचे दगड नव्या खोलीच्या पायात गेले. आत्या बघत उभ्या राहिल्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाऊंदे. निंगप्पाकडं हायत तवर हायत."

वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी खारं, म्हणजे मटणाचं जेवण होतं. पाहुणे, गवंडी, कारखान्यातली माणसं, सगळी पोटभर जेवली. बोकड चांगला होता, असं जो तो सांगत होता. निंगप्पा आत्यांच्या शेजारी पंगतीला बसला होता. रस्सा भुरकून तो म्हणाला, "अक्का, मटण झ्याक हाय. पर त्या मेंढ्या खाटकाला द्यायला नको व्हत्या. त्यातली एक गाभण व्हती."

आत्यांचा हात भाकरीवर थांबला. "कंच्या?"

"उजव्या कानाच्या. सिद्धनाथ आला हुता की न्यायला. चार मेंढ्या देऊन खाटकाकडनं ह्यो बोकड आन वरचं पैसं घेतलं." मग त्याच्या ध्यानात आलं. "तुमी सांगितलं न्हवतं व्हय? मला वाटलं... घरच्या माणसानं मागितल्यावर मी कसं न्हाय म्हणू, अक्का?"

आत्यांनी ताट सरकवलं. मी यजमानांना आत नेऊन विचारलं. ते म्हणाले, "ठेवायच्या कुठे होत्या? आणि कुणासाठी केलं? आपल्याच घराच्या जेवणाला ना?" मी विचारलं, "पोरीला तरी विचारायचं!" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "ऋतुजाला? तिला काय विचारायचं?"

ऋतुजाने पाहुणे गेल्यावर विचारलं, "आज्जी, माझ्या मेंढ्या बघायला कधी जायचं?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात यजमान म्हणाले, "जेऊरच्या पाहुण्यांकडे पाठवल्यात. तिकडं चारा आहे." ऋतुजा आजीकडे वळली. "खरं गं?"

आत्या मुलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय. जेऊरला."

काल मागची खोली बघायला दोन मुलं आली. यजमान दारात उभं राहून नियम सांगत होते. रात्री उशिरा यायचं नाही, पाणी जपून वापरायचं, कुत्रं-मांजर, कसलंच जनावर पाळायचं नाही. आत्या पायरीवर बसल्या होत्या. भिंत आता आपली आहे, तरी पाठ टेकलेली नव्हती.

"त्यानला कशाला सांगतोस?" त्या म्हणाल्या. "ह्या घरात जनावर पाळत न्हाईत, ते सगळ्या पंगतीला ठावं हाय."

मुलं हसली. ऋतुजा दप्तर घेऊन माझ्या मागे उभी होती. ती हसली नाही. तिने बापाकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि शेवटी मला विचारलं, "आई, जेऊरला आपलं कोण आहे?"